उंबऱ्यावरचा पाय

खुशालने सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलला, उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि चौकटीला पाठ टेकली. माणसाचा पाय ओलांडून कोणी घरात शिरत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि अंगणात उभ्या लेकीलाही.

वडशाच्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणाऱ्या पोराशी दीपिकाने न विचारता लग्न केलं, त्यानंतर ती आजच आली होती. धानाचं धसकट टाचेत घुसून बाबाचा पाय सुजला, असा मायचा फोन आला म्हणून. नवरा कुंपणाबाहेरच मोटारसायकलपाशी थांबला होता.

"रातभर नाटकं पाहते हा माणूस," आतून त्याची बायको सोमारी म्हणाली, "पण जावई नाटकातला चालत नाई."

"तू चूल पाह्य."

दीपिका पायरीवर टेकली. घोट्याच्या वर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली होती.

"हे काऊन बांधलं, बाबा?"

"सूज वर चढू नाई म्हून."

वडशाला ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. गाठ नखाने उकलताना ती बोलत राहिली, नजर पायावरच.

"सूज वैरी नसते. घाव झाला का रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीले धावतात. पण नसेत रक्ताचा पूर. थांबतील कुठी? मंग नसेची भिंतच हात समोर करते. भिंतबी पेशीयचीच असते. त्या ह्या पांढऱ्यायले धरतात, हळू करतात, ओळखतात. अन् जराशा सरकून वाट देतात."

"भिंत सरकते?"

"सरकते ना. नाई सरकली, तर मदत दारातच राह्यते. घाव चिघळते."

"अन् दुखते ते?"

"एवढे जण आत आल्यावर घरात दाटी होते, बाबा. थोडं दुखतेच. पण तुमचं लय वाढलं. आजच दवाखान्यात जाऊ."

चिंधी सुटली. कातडीवर खोल वळ उमटला होता. दीपिकाने त्यावरून अलगद अंगठा फिरवला. खुशालने पाय झटकला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने पोटरी धरली, दात आवळले आणि पाय आपल्याकडे ओढून घेतला. दीपिका आत गेली. मायलेकींची कुजबुज ऐकू आली, मग नाक ओढल्याचा आवाज.

उंबरा मोकळाच होता. खुशालने कुंपणाकडे पाहिलं.

"ऐकलं का वं," तो आत वळून ओरडला, "त्याले सांग, जोडे बाहेरच काढजो म्हणा."