गप्प राहिलेली लाइन

“सही करणार नाही,” पंपकाका म्हणाले आणि माफीचा कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला. “मी झोपलोच नव्हतो. न घेतलेल्या झोपेची माफी कशी मागू?”

वायरताई दारातच थबकली. कागद तिनं आणला नव्हता. पण तो निघाला होता तिच्या अहवालावरून, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, हे या पंपघरातलं यंत्र मुख्य कार्यालयाला कळवत असे. अलीकडे दुपारी ही जोडणी तुटायची. काकांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की लागायची. वायरताईनं कार्यालयात बसून लाइनवरची निरोपांची सगळी ये-जा टिपली आणि वैद्याच्या हवाली केली. वैद्य म्हणजे तिनंच लिहिलेला प्रोग्रॅम. टिपलेलं वाचून दुखणं कुठं आहे ते तो आपलं आपण सांगायचा. त्यानं निदान केलं: जोडणी पंपघराकडून बंद झाली.

साहेबांनी ते वाचून अर्थ लावला, की म्हातारा यंत्र बंद करून ताणून देतो. माफी लिहून द्या, नाहीतर उद्यापासून गोदामात बसा.

“तुमचा वैद्य रोग्याचं तोंडही न बघता औषध देतो वाटतं,” काका म्हणाले.

“त्याला बोल लावू नका, काका. एकाच टोकाला टिपलं मी. इथंही यायला हवं होतं, कंटाळा केला.”

“आलात ना आता. बसा. ते स्टूल डुगडुगतं, जपून.”

तिनं लॅपटॉप जोडला. कार्यालयातलं टिपणंही तिनं चालूच ठेवलं होतं. पंपांच्या घरघरीत बोलणं म्हणजे ओरडणंच. मग टाकी भरली, पंप थांबले, आणि खोलीत एकदम इतकी शांतता पसरली की ताईला स्वतःचा श्वास ऐकू आला.

“या आवाजात मी कितीदा बसल्या बसल्या पेंगलोय, खोटं का बोलू?” काका फडक्यानं तबकडी पुसत म्हणाले. “पण आवाज थांबला की खडबडून जागा होतो. सगळी हयात अशीच गेली. घरी रात्री पंखा बंद पडला तरी उठून बसतो. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे गिरणीशी संसार.”

“हे साहेबांना सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

टाकी भरलेली, काटा स्थिर. काही बदललं तरच बोलायचं, अशी त्या यंत्राची रीत. म्हणून तेही गप्प होतं. काका हात पाठीमागे बांधून मधोमध उभे राहिले. बऱ्याच वेळानं यंत्रावरचा जोडणीचा हिरवा दिवा गेला आणि लाल लागला.

“माझे हात कुठं आहेत ते बघून ठेवा,” काका म्हणाले.

ताईनं दोन्हीकडचं टिपण वैद्यापुढं टाकलं. कार्यालयाकडचं वाचून तो म्हणाला, पंपघरानं बंद केलं. पंपघराकडचं वाचून म्हणाला, कार्यालयानं बंद केलं. ताई कपाळावर हात मारून हसली.

“दोन जावांमध्ये कळ लावणारी कुणी असते ना, काका? हिला सांगते, ती तुझ्याशी बोलत नाही म्हणाली. तिला जाऊन सांगते, हीच बोलत नाही म्हणाली. इथलंही तसंच. लाइनच्या वाटेत राखणीसाठी नवी पेटी बसवलीय. बराच वेळ कुणी बोललं नाही की तिला वाटतं, मेलं हे. मग ती दोघांनाही एकमेकांच्या नावानं ‘बंद करतो’ असा निरोप धाडते.”

“गप्प बसला म्हणजे मेला?”

“तिच्या हिशेबी.”

तिनं साहेबांना फोन लावला आणि काकांना ऐकू जाईल असा ठेवला.

“मग सोपं आहे,” साहेब म्हणाले. “पंपघराच्या यंत्राला अधूनमधून ‘मी आहे, मी आहे’ म्हणायला लावा. पेटीला हात लावायचा तर वरून परवानगी लागते. अहवालात लिहा, पंपघरातला दोष काढला.”

ताई काही बोलण्याआधी काका फोनवर वाकले. “साहेब, यंत्राला काय बोलायला लावायचं ते लावा. पण दोष इथला नाही. तसं लिहिलंत तर मी माझ्या पायानं गोदामात जाणार नाही, उचलून न्यावं लागेल.”

“ताई, आधीचा अहवाल तुमचाच आहे.”

“तो चुकला. माझ्या नावानिशी वर कळवा, चुकला म्हणून. आणि पेटी नीट होईपर्यंत मी इथंच बसणार.”

“तुमच्या वैद्यावर मग कोण विश्वास ठेवेल?”

“नका ठेवू. दोन्ही टोकांचं ऐकल्याशिवाय तो यापुढं तोंड उघडणार नाही, एवढं मी बघते.”

“बघतो,” म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

काकांनी माफीच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी वरून परवानगी आली. पेटीला जास्त वेळ थांबायला सांगितलं गेलं. दुपारी टाकी भरली, पंप थांबले.

“बोलू का काही?” काकांनी कुजबुजत विचारलं.

“नका. आज गप्पच बसायचं.”

काका हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ताई स्टुलावर बसली. ते हललं नाही. दिवा हिरवाच होता, आणि सबंध दुपार त्या खोलीत कुणी एक शब्दही बोललं नाही.