मधला हात

"मयताच्या रजेच्या यादीत मावशी नाही, नूला," मॅलकी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला. "नवरा, मुलं, आईबाप, सख्खी भावंडं. बस. वकिलानं करून दिलीय, मी नाही केलेली."

"तिनंच वाढवलंय मला. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते."

"मला का ते माहीत नाही? पण अळंबी कुणासाठी थांबत नाही. आज बटणाएवढी, उद्या बशीएवढी. त्यात नाताळची ऑर्डर."

मी शेजारच्या फळीवर अळंबी खुडत होते. मान वर केली नाही, पण शब्द न् शब्द ऐकला. मॅलकी टियर्नन आमचा मालक. गावाबाहेर त्याच्या अळंबीच्या सहा शेड होत्या, आणि आसपास वीस मैलांत बायकांना दुसरं काम नव्हतं. नूला फीरिक त्याच्याकडे एकोणीस वर्षं होती. तिचा नवरा पॅकी छपरावरून पडला तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीच्या हातांवर चालायचं.

डेलिया मावशीच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, गुरुवारी अकराला होती. नूलानं तीनच तास मागितले. मॅलकीनं सांगून टाकलं की गुरुवारी जी फळीवर नसेल, तिनं शुक्रवारी यायची तसदी घेऊ नये.

गुरुवारी ती फळीवर होती. चर्च दोन शेतं पलीकडे, घंटा शेडमध्ये स्पष्ट ऐकू येते. अकराला घंटा झाली तशी नूलाची सुरी थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो. मग तिनं पुढची अळंबी देठाशी धरली, पिरगाळून काढली, देठ कापून खोक्यात ठेवली. आम्हीही लागलो कामाला.

तीनला सुट्टी झाली आणि मी तिला माझ्या गाडीतून दफनभूमीवर नेलं. खड्डा बुजवून झाला होता. मातीवर पुष्पचक्रं नीट मांडलेली, नातेवाईक कधीच पांगलेले. फक्त बाजूच्या दगडी कुंपणावर एक म्हातारी बसली होती, थंडीनं नाक लाल झालेलं. मॅलकीची आई, ओनोरा.

"तू आलीस आणि इथं कुणीच नाही, असं नको व्हायला," ती म्हणाली.

मग तिनं नूलाला जवळ बसवून सगळं सांगितलं. कोण कोण आलं, कुठली भजनं झाली, खांदा कुणी दिला. डेलियाच्या अंगात नूलानं विणलेलं निळं स्वेटर होतं आणि चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता. नूला खाली मान घालून ऐकत होती. निघताना ओनोरानं तिचा हात धरला. "बोलले गं मी त्याला," म्हणाली. "माझं ऐकत नाही तो."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ओनोरा गेली.

फाटकावर चिठ्ठी लागली. मंगळवारी सगळ्या शेड दिवसभर बंद. सर्वांनी स्वच्छ जाकिटं घालून चर्चबाहेर दोन रांगांत उभं राहायचं.

नूलानं चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे अळंबी थांबते तर," एवढंच म्हणाली.

युर्गिता आमच्यातली सगळ्यांत तापट, लिथुआनियाहून आलेली. तिचं म्हणणं, कुणीच जायचं नाही. राहू दे त्याला रिकाम्या रस्त्यावर उभा. पुष्कळजणींना ते पटलंही. नूला म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मी ओनोरासाठी जाणार." मग सगळ्याच गेलो.

मिस्सेनंतर रांगेनं पुढे जाऊन घरच्यांचे हात हाती घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. भांडण असलं तरी त्या दिवशी हात देतात. पहिल्या बाकाशी तिघं उभी होती. लीड्सहून आलेली बहीण, मध्ये मॅलकी, मग धाकटा भाऊ. नूला माझ्या पुढे होती. तिनं आधी शवपेटीवर तळवा टेकला, बराच वेळ. मग बहिणीचा हात दोन्ही हातांत घेतला. मॅलकीनं हात पुढे केला. नूलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल बाजूला सरकून धाकट्याचा हात घेतला. घाईत नाही, चुकून नाही. अख्खं चर्च पाहत होतं.

आता मी. मॅलकीचा हात तसाच पुढे होता. मी तो घेतला. "वाईट झालं," म्हणाले. त्यानं माझा हात लवकर सोडला नाही. माझ्या मागून युर्गिता आली, तिनं हात घेतला नाही. तिच्या मागचीनंही नाही. शेवटी शेवटी मॅलकीनं हात पुढे करणंच सोडून दिलं.

परतताना गाडीत मी नूलाला म्हणाले, "जिरवलीस त्याची."

ती खिडकीबाहेर बघत होती. "हात कसा होता त्याचा?"

"गार. ओला."

बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "ओनोरासमोर केलं मी ते. तिच्या पेटीला हात लावून, तिच्यासमोर." आणि रडायला लागली. मावशीच्या वेळी रडली नव्हती, ती आता रडत होती. मी गाडी कडेला घेतली.

मॅलकीनं तिला कामावरून काढलं नाही. माफीही मागितली नाही. पुढची चार वर्षं, ती निवृत्त होईपर्यंत, दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. यादी भिंतीवर होती तशीच राहिली.

नोव्हेंबरात आमच्याकडे मृतांची आठवण करतात. नूला सकाळीच बादली आणि ब्रश घेऊन दफनभूमीवर जाते. डेलियाचा दगड घासते, मग चार पावलांवरचा ओनोराचा. कधी त्याच वेळी मॅलकी येतो. तिला पाहिलं की आत येत नाही. तिचं आवरेपर्यंत फाटकाबाहेर गाडीत बसून राहतो.