चालत आलेले पाणी

मित्रांनो, चिक्कडपल्लीच्या एका घरात दाराआड उभी असलेली गळाची जुनी काठी म्हणजे मी. मलकपेठच्या एका बुरुडाने मला निवडले, शेकून सरळ केले, तेल पाजले. निवृत्तीबाबांनी मला घेतले तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते.

दर रविवारी आम्ही शहराबाहेरच्या तलावावर जायचो. बाबांची रीत ठरलेली. पाण्याच्या कडेला मला चिखलात रोवायचे आणि मागे झाडाखाली डबा उघडून बसायचे. मी थरथरले की बाबा धावत यायचे. सारी गल्ली माझे कौतुक करायची. खोटे कशाला बोलू, मीही जरा शेफारले होते.

मग बाबांचा उजवा हात थरथरू लागला. एकदा हाताशी आलेला मासा सुटला आणि लोक हसले. त्याच दिवशी बाबांनी मला माळ्यावर टाकले. पुढे तर चारचौघांत ते चहाचा कपही उचलेनात.

त्यांची मुलगी रोशनी बँकेत आहे. तिची बदली विशाखापट्टणमला झाली. यंदा होळीनंतर तिने बाबांना चार दिवस तिकडे नेले आणि गुपचूप मलाही. बाबांनी एकदा तरी मला पुन्हा हातात धरावे, एवढीच तिची इच्छा होती.

समुद्र पाहिला आणि माझे भानच हरपले. केवढे ते पाणी! त्याला पलीकडचा काठच दिसेना. या दिवसांत मासे किनाऱ्याजवळ येतात, असे रोशनीने सांगितले. बाबा म्हणाले, "माझ्या हातात नक्को. रोवून ठेवू." तलावावरच्यासारखेच त्यांनी मला पाण्याच्या कडेला वाळूत रोवले, शेजारी चपला काढल्या आणि मागे जाऊन बसले.

तलावाचे पाणी आपल्या जागी बसून असते. हे पाणी चालत आले. भरती लागली होती, आणि आम्हा तलाववाल्यांना तिचे काय ठाऊक! आधी चपला गेल्या. मग माझ्या पायाखालची वाळू सरकली आणि मी आडवी झाले. तेवढ्यात गळाला मासा लागला आणि मला आत ओढू लागला. आता आपले संपले, असे वाटले. तरी त्या हिरव्या पाण्याने मला अलगद उचलले, तेव्हा भीतीपेक्षा नवलच अधिक वाटले.

बाबा गुडघाभर पाण्यात धावले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले. इकडे त्यांचा हात कापत होता, तिकडे मासा तडफडत होता, मधे मी. कोणती थरथर कोणाची, हे मलाही कळेना.

"हात कापायलाय गं," बाबा म्हणाले.

"काठी पण कापायलीय की, बाबा," रोशनी म्हणाली. "तुम्ही सोडू नका."

त्यांनी सोडले नाही. चकचकीत मासा वाळूवर आला. बाबा कितीतरी वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग अनवाणीच टपरीवर गेले आणि सगळ्यांदेखत चहा प्यायले. थोडा सांडला.

संध्याकाळी त्यांनी मला गोड्या पाण्याने धुतले, तेल लावले. मित्रांनो, खारे पाणी लागलेली वस्तू तशीच ठेवू नका. आणि थरथरते म्हणून कोणाला माळ्यावर टाकू नका. मी थरथरते, म्हणून तर मासा लागल्याचे कळते.