चालू ठेवलेली मोटार

माझी मोटार एकदा बंद पडली की चार माणसांच्या धक्क्याशिवाय चालू होत नाही, हे आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून दाजींच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दारात मी ती चालूच ठेवली आणि तसाच ओसरीवर गेलो. दुखवट्याच्या घरी लोकांना 'जरा ढकला हो' म्हणायची मला लाज वाटत होती.

मी आलो होतो आक्काला न्यायला. तेरावं झालं की भावाने विधवा बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, ही आमची रीत. भाऊ आला नाही, किंवा आला आणि बहीण सोबत निघाली नाही, तर माहेर तुटलं असंच लोक धरतात. आईवडील मागेच गेले. आक्काला माहेर म्हणजे मी, आणि मलाही तिच्याशिवाय कोणी नाही. तापीबाई तिचं नाव. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, मला कडेवर घेऊन वाढवलेली.

ओसरीवर वीसेक माणसं मुकाट बसली होती. मी टेकलो खरा, पण कान बाहेर. दारात इंजिन धडधडत होतं. पेट्रोल जळत होतं. रेडिएटरची गळती मी हळद टाकून थांबवली होती, पेट्रोलच्या टाकीच्या भेगेला साबण फासला होता. उन्हात उभं राहून पाणी उकळायला लागलं तर हळद वाहून जाणार, साबण वितळणार. मी दर मिनिटाला मान वळवून बघत होतो. दुखवट्याला आलेल्या माणसाने असं बघू नये, हे कळत होतं आणि मान काही ऐकत नव्हती.

बावन्न साली नंदुरबारच्या एका वकिलाकडून ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. चार माणसांची विलायती गाडी, किंमत कमी. मग सुरू झालं. आज क्लच, उद्या डायनॅमो, परवा स्प्रिंगचे पाटे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बारा वर्षांत मी तिच्यावर जेवढा खर्च केला तेवढ्यात दुसरी आली असती, असं चुनीलाल मिस्तरी मला हसत हसत सांगायचा आणि पुढचं बिल हातात द्यायचा. पण गावात मोटार एकट्या हिंमतराव पाटलाची. ती मस्ती काही उतरत नव्हती.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला. चुनीलालने कान लावला आणि म्हणाला, "बेरिंगं गयात, पाटील. हयूहयू चालाडशात तर धुयालगून जाई. मांगे येवानं मी सांगू शकस नही. इंजिन जाम व्हयनं तर चारशेना खड्डा." म्हणजे हळू हाकली तर धुळ्यापर्यंत जाईल, परत येईल याची खात्री नाही.

मी गाडी घरी आणून गोठ्याशेजारी लावली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी आक्काचा सालदार गडी रेवजी सायकल मारत आला. दाजींचं पोट दगडासारखं कडक झालं होतं. डॉक्टर म्हणाला होता, आजच्या आज धुळ्याला न्या.

"पाटील, गाडी काढा," रेवजी म्हणाला.

मी गोठ्याकडे पाहिलं. साठ मैल. चारशे रुपये. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी बंद शे रे."

त्यांनी दाजींना बैलगाडीतून नंदुरबार स्टेशनवर नेलं. आगगाडीची वाट बघता बघता ते फलाटावरच गेले.

मग मला सुचेना झालं. तेराव्याच्या आत मी चुनीलालकडे इंजिन उघडून बेरिंगं बदलली. चारशे आठ रुपये. तेच चारशे. अन्न सडल्यावर चूल पेटवली. सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीसाठी पैसे उरले नाहीत. पुढून फिरवायच्या हँडलचा दात तर कधीच झिजला होता.

आक्का आतून बाहेर आली. कपाळ पांढरं. मी मान खाली घातली. ती माझ्यासमोर बसली आणि दाराकडे बघत राहिली.

"त्या दिन चालू व्हयनी नही," ती म्हणाली, "आज बंद व्हस नही."

मी उठलो, बाहेर गेलो आणि किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की वाड्यातल्या म्हशीचा रवंथ ऐकू यायला लागला. मी परत येऊन बसलो.

"आक्का, चाल ना घर," मी म्हणालो. "मी तुले लेवाले ऊनू."

"पहिले खरं सांग, हिंमत. त्या दिन गाडी बंद व्हती का?"

हो म्हणता आलं असतं. चुनीलालनेही माझ्या बाजूने मान हलवली असती, आणि आक्का उठून गाडीत बसली असती, हे मला आजही वाटतं. पण तिने मला लहानपणापासून खोटं बोलताना पाहिलं होतं, आणि त्या दिवशी तिच्याकडे बघून ते जमेना.

"नही," मी म्हणालो. "चालू व्हती. इंजिन जाम व्हई जाई, अशी भीती वाटनी."

"कितला खर्च सांगा व्हता?"

"चारशे."

ती रडली नाही. दोन्ही मनगटं तिने माझ्यासमोर धरली. सोन्याच्या पाटल्या तशाच होत्या.

"ह्या व्हत्यात ना रे मन्हापान," ती म्हणाली. "इचारानं तरी व्हतं."

आक्का भिंतीचा आधार घेऊन उठली आणि दिराकडे वळली.

"झिपरू, चार जन ल्या आनि गाडीले धक्का मारा. मन्हा भाऊले घर जानं शे."