खिरीत पडलेली तुरटी

मी तुरटी. भाईंदरच्या गोडदेवला, कमळाबाईंच्या स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी पडलेली असते. दिसायला पांढरी, काचेसारखी, चवीला विचारू नका. किराणावाल्याने मला "फिटकरी है, असली" म्हणून विकलं, तेव्हापासून या घरातलं सगळं मला माहीत असतं. पडल्या पडल्या कान उघडे ठेवायचे, दुसरं काम काय?

काम म्हणजे पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी आलं की मला त्यात दोन-चार वेळा फिरवतात. गाळ तळाशी बसतो, वर पाणी नितळ. गढूळ पाण्याला पुस्तकात निलंबन म्हणतात. मला कसं माहीत? कमळाबाईंची सून तेजश्री माझ्यासमोर ओट्याशी उभी राहून पाठ करायची ना! "द्रावण, निलंबन, कलिल." मग पुस्तक मिटून तेच म्हणायला जायची आणि तिन्हीची खिचडी व्हायची. "मिश्रणात घटक वेगळे करता येतात, संयुगात सहज येत नाहीत," हे तर तिने भाकरी थापताना इतक्यांदा म्हटलं की भाकरीलाही पाठ झालं असेल. मी स्वतः संयुग आहे, पण मला कोणी विचारलं नाही.

लग्नात तेजश्रीची शाळा सुटली होती. दोन मुलं झाल्यावर ती बाहेरून दहावीला बसली. मार्चमध्ये सगळे विषय निघाले, विज्ञान राहिलं. आता जुलैची फेरपरीक्षा. सोमवारी विज्ञानाच्या पहिल्या भागाचा पेपर, आणि आदल्याच दिवशी, रविवारी, वर्षावास सुरू व्हायची आषाढी पौर्णिमा. बुद्धविहारात खीर कमळाबाईंकडून.

त्या रविवारी सकाळीच तेजश्रीने नवऱ्याला, समाधानला सांगून टाकलं, की ती पेपरला जाणार नाही. डोक्यात काही राहत नाही, पुन्हा नापास होऊन बिल्डिंगभर तोंड दाखवायचं नाही. कमळाबाईंनी आतून ऐकलं आणि दुधाचं पातेलं गॅसवर जरा जोरातच आपटलं.

मी तेव्हा घरात नव्हते, हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं. शेजारच्या मनोरमाबाई मला उसनी घेऊन गेल्या होत्या. या मूळच्या गिरगावच्या, मनाने लोण्यासारख्या, आणि चौकशीला आमच्या मजल्यावर पहिल्या. कमळाबाईंनी शनिवारी त्यांच्याकडे ठेच्याची वाटी धाडली होती. आता शेजारणीची वाटी रिकामी कशी परत करायची? मनोरमाबाई नेहमी तीत खडीसाखर घालतात. त्या दिवशी डबा रिकामा होता. मग त्यांनी मलाच फोडून वाटीत घातलं. वाटीही परत, तुरटीही परत, रिकामीही नाही. फुटले तरी मी तुरटीच हं. याला भौतिक बदल म्हणतात.

वाटी ओट्यावर ठेवून त्या कुकरची शिट्टी ऐकून पळाल्या. कमळाबाईंचं लक्ष सुनेच्या बोलण्यात. वाटी मनोरमाबाईंकडून परत आलेली, आत पांढरे खडे. विचार कसला करायचा? त्यांनी वाटी उकळत्या दुधात उपडी केली.

मी ओरडणार कशी? थोडी मजाही वाटली, खरं सांगते.

बघता बघता दुधाच्या गुठळ्या झाल्या. कमळाबाई मटकन खाली बसल्या. "अगं तेजू, दूध असं काय करायलंय? आता विहारात काय नेऊ गं माय?"

तेजश्री धावत आली. झाऱ्याने माझे उरलेले खडे बाहेर काढले, एक जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. एवढ्यात मनोरमाबाई हजर. त्यांना म्हणे वास आला.

"आई, ही तुरटी आहे. दूध कलिल होतं, ते फाटलं."

"मग परत दूध कर की त्याचं."

"आता नाही होत. रासायनिक बदल आहे हा, मागे फिरत नाही."

"अगं, ते तुझं द्रावण गाळून तरी घे," मनोरमाबाई म्हणाल्या. मलाच जरा लाज वाटली.

"द्रावण गाळून वेगळं होत नाही हो मावशी. चहातली साखर गाळणीत राहते का कधी?"

एवढं बोलून तेजश्री झारा हातात धरून थांबली. कमळाबाई खालूनच तिच्याकडे बघत होत्या.

"पुस्तक कुठाय तुझं?" त्यांनी विचारलं.

"आत. मिटून ठेवलंय."

"मग हे कुठून बोलायलीस? आणि सकाळी लेकाला माझ्या काय सांगत होतीस?"

तेजश्रीने झारा खाली ठेवला. गॅस बारीक केला, साखर घातली आणि ते दूध आटवत बसली. मिठाईवाले कलाकंद रवाळ व्हावा म्हणून दुधात माझाच कण टाकतात, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी समाधान विहारात कलाकंदाचं ताट घेऊन गेला, ते पुसलेलं परत आलं. खीर का नाही, हे कोणी विचारलं नाही. मनोरमाबाईंनी मात्र स्वतःच सगळ्यांना सांगितलं, स्वतःची चूक सोडून.

सोमवारी तेजश्री पेपरला गेली. दुपारी परतली, तेव्हा मनोरमाबाई दारातच उभ्या. काय विचारलं, किती लिहिलं, शेजारच्या बाकावरची मुलगी नापास होईलसं वाटतं का?

"विचारलं तेवढं लिहिलं, मावशी," म्हणत ती आत आली. हात धुतले, पाण्यात माझा उरलेला खडा फिरवला, आणि ओट्यावरच विज्ञानाचा दुसरा भाग उघडला.

निकाल यायचाय. मी आता सुपारीएवढी उरलेय. झिजते, विरघळते, पण माझे अणू कुठे नाहीसे होत नाहीत, एवढं तिच्याकडूनच शिकले. तुमच्याही घरात कोणी पुस्तक मिटून बसली असेल, तर तिला ओट्याशी बोलतं करा. आणि मला दुधापासून लांब ठेवा. म्हणजे, शक्यतो.