वर्डमध्ये न आलेल्या चौकटी

थोरलीचं काम यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं, आणि त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. तिची शिस्त अशी, की धोक्याची सूचना एकदाच लिहायची, वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि पुस्तकात जिथे जिथे लागेल तिथे तिची नुसती खूण टाकायची. छपाईच्या वेळी कॉम्प्युटर त्या खुणेच्या जागी लाल चौकटीत अख्खी सूचना आणून बसवतो. एकच वाक्य पुन्हापुन्हा टाइप करत बसणाऱ्यांना ती तोंडावर हसायची.

हॉस्पिटलच्या धुलाई विभागाने चादरी निर्जंतुक करायला वाफेचं नवं मशीन घेतलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी पुस्तक वर्डमध्येच मागितलं. का, तर त्यांना आपले फोन नंबर घालायचे होते. थोरलीने नाक मुरडलं, पण दिली फाइल वर्डमध्ये काढून. तक्ते वेडेवाकडे झाले होते, मथळ्यांनी आपापल्या मनाने आकार ठरवले होते. डोळ्यांत तेल घालून तिने ते सगळं सरळ केलं आणि पाठवून दिलं. धाकटी बहीण त्याच विभागात कामाला, त्यामुळे या पुस्तकात तिने जरा जास्तच जीव ओतला होता.

मशीन सुरू झालं त्या दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, काय सुटसुटीत लिहिलंयस गं! जुन्या पुस्तकात पानोपानी 'सावधान, सावधान'. वाचूनच हातपाय गळायचे. तुझ्यात एकही लाल चौकट नाही."

थोरलीने हातातलं काम बाजूला सारलं.

"एकही नाही?"

"नाही ना. पहिली खेप होतच आलीय बघ."

थोरलीने घाईघाईने फाइल उघडली. 'घंटी वाजली की दार उघडा.' त्याच्या वर चौकट हवी होती, आधी झडप फिरवून आतली वाफ सोडा म्हणून. तिथे रिकामी ओळसुद्धा नव्हती. फाइल बदलताना वर्डला तिच्या खुणा कळल्या नव्हत्या आणि त्या मुकाट गळून गेल्या होत्या. तक्त्यांची रेघ न् रेघ तपासणारीला हे दिसलं नाही, कारण सूचना तिला इतक्या तोंडपाठ होत्या, की पानावर नसल्या तरी मनात वाचल्या गेल्या.

फोनमधून घंटी ऐकू आली.

"दाराला हात लावू नकोस! आधी उजवीकडची झडप फिरव. बाकीच्यांना मागे घे."

मग बराच वेळ नुसता वाफेचा फूत्कार ऐकू येत राहिला.

"सोडली," धाकटी म्हणाली. "बाप रे, केवढी होती आत!"

थोरली म्हणाली, "माझी चूक झाली गं. सगळ्या सूचना गळल्यात. मशीन बंद ठेवा, मी साहेबांना आत्ताच सांगते." मग तिला राहवेना. "पण जुन्या मशीनची वाफ तुम्ही आधी सोडायचात ना? याची का नाही सोडलीत?"

"बाकीच्या सोडणारच होत्या," धाकटी म्हणाली. "मीच अडवलं. म्हटलं, पुस्तक माझ्या ताईने लिहिलंय. लागत असतं तर तिने लिहिलं नसतं का?"