झूराने जेवण सोडले तेव्हा

झूराचे पत्र येऊन एकोणतीस वर्षे झाली होती आणि सागिनबेकने त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र चार ओळींचेच होते. "डोंगर घसरला त्या दिवशी पिशव्यांत काही होतं का? की मीच सगळं खाऊन बसले होते? यादी तुमच्याकडे असते, तुम्हालाच विचारते. खरं कळवा." सागिनबेक तेव्हा कोकजार गावच्या वाचनालयात कामाला होता. पुस्तकांच्या याद्या करणारा माणूस म्हणून घरोघरच्या पिशव्यांची ही यादीही त्याच्याच गळ्यात पडली होती. वाचनालय बंद झाले, दात पडले, बायको गेली. पत्र मात्र एका जाड शब्दकोशात राहिले. शब्द शोधायला तो कोश उघडायचे त्याने हळूहळू सोडूनच दिले.

नव्या नोटा आल्या, त्या टंचाईच्या वर्षी झूरा जिल्ह्याच्या बचाव-कचेरीतून गावात आली होती. तिशीची, उन्हाने रापलेली, मोठ्याने हसणारी. गावावरच्या उतारात भेग पडली होती. तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि दर शुक्रवारी दोरीने अंतर मोजायला शिकवले. घरटी एक कॅनव्हासची पिशवी दिली: मांसाचे डबे, आटवलेल्या दुधाचे डबे, सुका पाव, काड्या, मेणबत्त्या. "दाराशी टांगा. घर सोडून पळायची वेळ आली तरच उघडा," ती म्हणाली. ती मोजणीला येई त्या शुक्रवारी दोरीचे एक टोक तिच्या हातात असायचे, दुसरे सागिनबेकच्या. दोघांत हातभर भेग. त्या शुक्रवारांइतके चांगले दिवस आपल्याला पुन्हा मिळाले नाहीत असे त्याला अजून वाटे, आणि असे वाटल्याची लाजही वाटे.

महिन्याभराने ती पिशव्यांच्या तपासणीला घरोघर आली. तपासणी कसली, पाहुणीच ती! आणि पाहुणी दारात आल्यावर जेवायला अंथरलेल्या रित्या दस्तरखानावर बसवणार कोण? घरात पीठ नव्हते, दुकान बंद पडले होते. पहिली पिशवी सागिनबेकनेच उघडली. मग शेजाऱ्याने उघडली, मग त्याच्या शेजाऱ्याने. झूरा प्रत्येक घरी "अहो, आता पुरे" म्हणत होती आणि प्रत्येक घरी तिच्यापुढे मांसाचा डबा येत होता. बाराव्या घरी तिने डब्यावरचे लेबल निरखून पाहिले आणि तिचा घास हातातच राहिला.  एका उमसुनाय नावाच्या शेजारणीनेच तिला कोरा चहा दिला, बाकी काही नाही. उमसुनायच्या चिकटपणाच्या गोष्टी मग गावभर झाल्या.

संध्याकाळी सागिनबेकने यादीत प्रत्येक नावापुढे लिहिले, "पिशवी भरलेली." गावाची लाज राखायची म्हणून.

पुढच्या वसंतात, भर दुपारी, डोंगर खाली आला. आदल्या शुक्रवारी दोरी दीड वीत कमी पडली होती, म्हणून वरची घरे आधीच रिकामी केली होती. माणूस एकही गेला नाही. पण रस्ता सहा दिवस बंद राहिला. लावलेले बटाटे लोकांनी वाफ्यांतून परत उकरून खाल्ले.

आणि आता, इतक्या वर्षांनी, जिल्ह्याहून साइकाल नावाची मुलगी नव्या पिशव्या घेऊन आली होती. सागिनबेकने पाव मोडून पुढे केला. तिने तो नुसता कपाळाला लावला आणि खाली ठेवला.

"माफ करा, अक्साकाल," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे ती म्हणाली. "तपासणीला गेलं की कुणाकडे खायचं नाही. आमच्या थोरल्या ताई, झूरा-एजे, त्यांचा नियम आहे."

"झूराचा?"

"निवृत्त झाल्यात, पण नियम त्यांचाच. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या घरी घास घेतला नाही. स्वतःची भाकरी बांधून न्यायच्या. लोक काय काय बोलतात! सोयरिकीला गेल्या तरी तेच. सख्खी भाचीसुद्धा रुसली त्यांच्यावर."

 ती मोठ्याने हसणारी बाई तीस वर्षे माणसांच्या दारांतून उपाशी परतत होती. आणि तिला हवे असलेले उत्तर त्याच्या कोशात पडून होते.

उत्तर लिहायचे तर उमसुनायचे नाव येणार. तो तिच्याकडे गेला. ऐंशीची म्हातारी ओट्यावर लोकर पिंजत बसली होती.

"एजे, झूराला पत्र लिहितोय."

"लिही बाबा. तीस वर्षांनी का होईना, तुझी शाई वाळली नाही म्हणायची."

"तुमच्या पिशवीचं लिहू का? त्या सहा दिवसांत गल्लीतल्या चौदा पोरांना दूध तुमच्याच डब्यांतलं..."

"चिकट बाईच्या डब्यांतलं, असं लिही! दूध पिऊन मोठी झालेली तीच पोरं अजून मला चिकट म्हणतात."

"तेव्हा तुम्ही पिशवी का नाही उघडली?"

तिने लोकर मांडीवर ठेवली. "पाहुणी म्हणाली होती, उघडू नका. मी नाही उघडली. तुम्ही सगळ्यांनी पाहुणीला जेवू घातलं रे, पण तिचं ऐकलं कुणी?"

सागिनबेकने चार कागद फाडले. पहिल्यात स्वतःची बाजू फार होती, दुसऱ्यात क्षमा फार होती. तिसरा पुस्तकी झाला, चौथ्यात शुक्रवार आले होते. पाचव्यात त्याने लिहिले:

"झूरा, पिशव्या रिकाम्या होत्या. पहिली मी उघडली आणि यादीत खोटं लिहिलं. तुम्ही मागून खाल्लं नाहीत, आम्ही वाढलं. उमसुनायने तुमचं ऐकलं, तिच्या एका पिशवीवर चौदा पोरं तगली. तुमच्या दोरीमुळे वरची घरं आधी रिकामी झाली. दोष माझा आहे, तो तुम्ही पोटाशी धरून बसू नका. कुणी पाव पुढे केला तर खा."

हे उद्धट तर नाही ना, असे वाटून त्याने शेवटची ओळ दोनदा वाचली. खोडावी का? तशीच ठेवली.

टपाल कार्यालय पुढच्या गावात होते. साइकालकडून घेतलेला पत्ता लिहिलेले पाकीट खिडकीतल्या बाईने उलटसुलट केले.

"साध्या टपालाने हळूहळू जाईल, चालेल?"

"नको, लवकरातल्या टपालाने पाठवा," सागिनबेक म्हणाला. बाईने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.